शंभर टक्के लोकर म्हणून घेतलेला धागा

फोनवर फोटो बघून लोकर मागवणाऱ्या मैत्रिणींसाठी हे मुद्दाम लिहिते आहे.

माझी धाकटी लेक स्कॉटलंडमध्ये ॲबर्डीनला असते. तिथून रात्री निघालेली बोट सकाळी शेटलंड बेटांवर पोचते. गेल्या वर्षी ती तिकडे जाऊन आली आणि तिथल्या नक्षीदार स्वेटरांचे फोटो पाठवले. एका ओळीत दोनच रंग, पण ओळीगणिक बदलत जाणारे. तिच्या तिसाव्या वाढदिवसाला तसाच बटणांचा स्वेटर विणायचा, तिला न सांगता, असं मी ठरवून टाकलं.

लोकर सापडली इन्स्टाग्रामवर. शंभर टक्के शेटलंड लोकर, शेवटचा लॉट, 50 ग्रॅमची लडी 480 रुपयांना. मी 12 लड्या सांगितल्या. माल घरी आल्यावर पैसे देते म्हटलं तर विकणारा नाही म्हणाला. दुकानाच्या खात्यावर नाही, कुणा माणसाच्या नावावर यूपीआय करायला लावलं. 5,760 रुपये गेले. लड्या आल्या त्यांना कागदी पट्टीच नव्हती. धागा कशाचा, रंगाचा लॉट नंबर काय, काहीच नाही. विचारलं तर म्हणे, "मॅडम, घाऊक माल पट्ट्या काढूनच येतो." मी विश्वास ठेवला. रंग फार सुंदर होते.

चार महिने विणत होते. हा स्वेटर गोल सुईवर नळीसारखा विणतात, म्हणजे सुलट बाजू कायम डोळ्यांसमोर राहते आणि नक्षी चुकत नाही. पुढच्या बाजूला मधोमध सात टाके जास्तीचे ठेवायचे आणि शेवटी बटणांसाठी पुढून उघडा करायला तिथेच उभी कात्री चालवायची. ऐकून पोटात गोळा येतो, पण खऱ्या लोकरीच्या तंतूंवर बारीक खवले असतात. ते एकमेकांत अडकून राहतात, म्हणून कापलेला टाका निसटत नाही. शेटलंडची लोकर तर यासाठीच नावाजलेली.

मध्ये एकदा हाताला शंका आली होती. लडी संपली की नव्या धाग्याचं टोक जुन्याला लावून, ओल्या तळहातांवर जोरात चोळलं की लोकर एकजीव होते. इथे कितीही चोळलं तरी दोन टोकं वेगळीच. मशीनमध्ये धुता यावी म्हणून प्रक्रिया केलेली लोकर अशी जुळत नाही, तशी असेल असं समजून मी गाठ मारली आणि पुढे गेले. तिथेच थांबायला हवं होतं.

एका रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर स्वेटर पसरून कात्री चालवली. वीतभर कापलं असेल. कडेचे टाके सुटायला लागले, एकामागून एक, ओळीच्या आतल्या बाजूला. मी बोटांनी दाबून धरत होते आणि बोटांखालूनच ते सरकत होते. डाळिंबी फुलांची अख्खी रांग माझ्यासमोर मोकळी झाली. मी रडले, खोटं कशाला सांगू.

संध्याकाळी बोटभर धागा चिमट्यात धरून पेटवला. लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो, ज्योत काढली की विझते, राख बोटांत चुरडते. हा वितळला, काळा धूर आला आणि टोकाला कडक काळा मणी उरला. भेसळीच्या धाग्यात वासही येतो आणि मणीही राहतो, म्हणून दुसरा तुकडा रात्रभर ब्लीचमध्ये ठेवला, खिडकी उघडी ठेवून, त्यात दुसरं काही न मिसळता. लोकर असती तर विरघळून गेली असती. सकाळी धागा जसाच्या तसा होता. अ‍ॅक्रिलिक, दुसरं काय.

जळलेल्या मण्याचा फोटो पाठवल्यावर त्याने मला ब्लॉक केलं. मी ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर, तक्रार नोंदवली. जाहिरातीचा स्क्रीनशॉट, पैसे पाठवल्याची पावती आणि आमचं बोलणं जपून ठेवलं होतं म्हणून निदान तेवढं जमलं. पैसे घेऊन मालच पाठवला नाही, तर मात्र तासाभराचाही उशीर न करता 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा. मोठी खरेदी करायच्या आधी हातभर धागा नमुना म्हणून मागवा, आणि सुईवर पहिला टाका घालण्याआधी तो जाळून बघा. नमुना द्यायला कुणी कां-कू केली तर तिथून काही घेऊ नका.

माझे पैसे अजून आलेले नाहीत. परवा शेजारच्या वहिनींच्या फोनवर ते खातं बघितलं. नाव बदललंय, आणि आता तिथे "अस्सल पश्मीना, शेवटचा लॉट" चालू आहे.