जळगावचे डायलिसिस केंद्र: स्टेंट असलेल्या रुग्णाच्या मुलाचा अनुभव

रावेर तालुक्यात केळीची बाग असलेल्या माझ्या वडिलांचे डायलिसिस गेली दोन वर्षे जळगाव शहरातील एका केंद्रात आठवड्यातून तीनदा होते. आईचा रक्तगट जुळत नसल्यामुळे आप्पांचे नाव मेंदूमृत दात्याच्या मूत्रपिंडासाठी प्रतीक्षायादीत आहे. सुरुवातीला दुसऱ्या एका रुग्णालयात त्यांच्या हंसळीच्या हाडाखालील शिरेत कॅथेटर (डायलिसिससाठीची नळी) घातले होते. पुढे तिथेच शीर आकसली, त्याच बाजूच्या हातावर फिस्टुला (डायलिसिसच्या सुया टोचण्यासाठी धमनी आणि शीर जोडून केलेला मार्ग) केल्यानंतर हात खांद्यापर्यंत सुजला आणि अखेर शिरेत स्टेंट (शीर उघडी ठेवणारी जाळीदार नळी) बसवावा लागला.

स्टेंट बसला म्हणजे काळजी मिटली, हा आमचा समज येथील सिस्टरांनी पहिल्याच आठवड्यात दूर केला. स्टेंटच्या जाळीत पेशी वाढून शीर पुन्हा अरुंद होऊ शकते, किंवा त्यात गुठळीही होऊ शकते. म्हणून सुई टोचण्याआधी त्या दर वेळी फिस्टुलावर बोटे ठेवून रक्तप्रवाहाची थरथर पाहतात, ‘आप्पा, हात जड वाटतो का?’ असे विचारतात आणि यंत्राच्या पंपाचा वेग तोच ठेवून शिरेकडचा दाब (रक्त शिरेत परत जाताना यंत्रावर दिसणारा) वहीत लिहितात. मागील फेब्रुवारीत हा आकडा तीन आठवड्यांत 130 वरून 190 वर गेला आणि सुई काढल्यावर आठ-दहा मिनिटांत थांबणारे रक्त वीस मिनिटे थांबेना. हात सुजण्याची वाट न पाहता त्यांनी त्याच दिवशी डॉक्टरांना बोलावले, आणि नाशिकला फुग्याने शीर रुंद करण्याची अँजिओप्लास्टी वेळेत झाली. ही सोय केंद्रात नाही, याची कल्पना नव्या रुग्णांनी ठेवावी.

मला सर्वांत मोलाचे वाटते ते हे, की येथे आजच्या डायलिसिसबरोबर उद्याच्या प्रत्यारोपणाचाही विचार होतो. नव्या मूत्रपिंडाच्या रक्तवाहिन्या ओटीपोटातील मोठ्या वाहिन्यांना जोडतात, म्हणून मांडीतून कॅथेटर घालणे शक्यतो टाळावे, असे येथील डॉक्टरांनी आम्हाला आकृती काढून समजावले. रक्त चढवल्याने परक्या पेशींविरुद्धची प्रतिपिंडे वाढून दाता जुळणे कठीण होऊ शकते, म्हणून हिमोग्लोबिन इंजेक्शनांनी राखण्यावर त्यांचा भर असतो. स्टेंटसाठी क्लोपिडोग्रेल (गुठळी होऊ नये म्हणूनचे औषध) चालू असल्याची नोंद फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईने केलेली आहे, कारण प्रत्यारोपणाचा निरोप कधीही येऊ शकतो आणि शस्त्रक्रियेच्या वेळी रक्तस्राव वाढण्याचा धोका डॉक्टरांना आधी कळायला हवा.

एक तक्रार मात्र गंभीर आहे. फिस्टुलाची थरथर अचानक थांबली तर तास महत्त्वाचे असतात, असे सांगणाऱ्या याच केंद्राचा फोन रात्री नऊनंतर कोणी उचलत नाही. जूनमध्ये एका रात्री आप्पांना थरथर जाणवेना, तेव्हा मी चार वेळा फोन लावला. पहाटे रावेरहून गाडी काढून केंद्राच्या दारात थांबलो. थरथर मंद होती, बंद पडली नव्हती. व्यवस्थापनाला मी लेखी विनंती दिली आहे, रात्रीसाठी एक क्रमांक मिळावा एवढीच.