काटा खाली आला, इंजिन तापतच राहिलं

बिलावर चार कामं लिहिलेली होती. नवा थर्मोस्टॅट (पाणी तापलं की रेडिएटरकडची वाट उघडणारा वॉल्व्ह), नवा रेडिएटर, हेड (सिलिंडरवरचं झाकण) उतरवून फेसिंग मारून (घासून सपाट करून) नवं गॅस्केट (मधलं सील), आणि शेवटी बारीक अक्षरात ‘टेम्परेचर वायरिंग दुरुस्ती’. पहिली तीन कामं झालीच नव्हती. चौथं झालं होतं, आणि गाडीच्या जिवावर उठलं होतं ते तेच. जुनी, फेरफार केलेली पिकअप वापरणाऱ्यांना अशी गाठ कधीही पडू शकते, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

गाडी डिझेल. आधीच्या मालकाने तिच्यावर हौस भागवून घेतलेली. टर्बो चढवलेला, पंपातून डिझेल वाढवलेलं, एसीच्या कंडेन्सरपुढे इंटरकूलर (टर्बोची गरम हवा थंड करणारी जाळी) बसवलेला, त्याच्याही पुढे जाडजूड बुल बार आणि त्यावर दिव्यांची रांग. टायर मोठे. इंजिनाच्या पुढ्यात पट्ट्यावर फिरणारा मूळ पंखा काढून रेडिएटरला इलेक्ट्रिक पंखे लावलेले. अशी गाडी जरा तापली की कारण सगळ्यांना आधीच ठाऊक असतं: ‘मॉडिफाय केलीय ना, मग तापणारच.’ हे वाक्य ज्या गॅरेजमध्ये पहिल्या पाच मिनिटांत ऐकू येईल तिथून किल्ली परत घ्यावी, असं माझं आता स्पष्ट मत आहे. त्या वाक्याखाली कोणतंही बिल खपतं.

माझी तक्रार तशी साधी होती. रिकामी गाडी सपाट रस्त्याला असताना तापमानाचा काटा मधोमध. उभी राहून कितीही वेळ चालू ठेवली तरी मधोमध. माल भरून लांब चढ लागला की काटा हळूहळू वर सरकायचा, आणि उतार लागला की पुन्हा जागेवर यायचा. एवढ्या माहितीतच निम्मं निदान असतं. उभी असताना किंवा रांगत चालताना तापते आणि वेगात थंड होते, अशी गाडी असेल तर संशय पंख्यावर. उलट, उभी असताना ठीक पण वजन ओढताना तापते, तर पंखा सोडून रेडिएटर, पाण्याचा प्रवाह आणि पुढून येणारी हवा बघायची. थंड इंजिन चालू केल्यावर, पाणी तापायच्या आतच रेडिएटरचा वरचा होज (रबरी पाइप) दगडासारखा कडक होत असेल आणि टाकीत सतत बुडबुडे येत असतील, तर हेड गॅस्केटकडे बघायला हरकत नाही. काटा वर आहे पण हीटरमधून गार हवा येतेय, तर पाणी कमी आहे किंवा आत हवा अडकली आहे. ‘कधी तापते?’ हा प्रश्न फुकटचा आहे. त्या गॅरेजवाल्याने तो विचारलाच नाही. बॉनेट उघडलं, रेडिएटरवर टिचकी मारली, मान हलवली.

आधी थर्मोस्टॅट. ‘वॉल्व्ह जाम आहे, नवा टाकतो. पंख्याचं कनेक्शनही सैल आहे, तेही जोडून देतो.’ ठीक. गाडी घरी आणली तर तक्रार कमी व्हायच्या ऐवजी वाढली. आता सपाट रस्त्यालाही, पंखे सुरू झाले की काटा वर जायला लागला. पंखा सुरू झाल्यावर काटा चढतो, हे उफराटं होतं. मी ते सांगितलं तर उत्तर आलं, ‘साहेब, रेडिएटर आतून चोक आहे. वॉल्व्ह आता पूर्ण उघडतो, म्हणून दोष बाहेर पडला.’ ऐकायला तर्कशुद्ध वाटतं. फसवणारा माणूस तंत्रातलं अर्धं खरं वाक्य नेहमी हाताशी ठेवतो.

मग ‘नवा’ रेडिएटर बसला. फरक शून्य. त्यानंतर ‘हेड गॅस्केट गेलंय’ म्हणत पुढे आली ती पिवळ्या पाण्याची नळी.

या चाचणीबद्दल नीट सांगायला हवं, कारण चाचणी खरी आहे आणि ती करून दाखवण्याचं नाटकही तितकंच सोपं आहे. रेडिएटरच्या तोंडावर एक नळकांडं बसवतात, त्यात निळा द्रव असतो, आणि रबरी फुग्याने कूलंटवरची हवा त्यातून ओढतात. हेड गॅस्केट फुटून सिलिंडरमधला वायू पाण्यात येत असेल, तर त्यातल्या कार्बन डायऑक्साइडमुळे निळा रंग पिवळा होतो. पण कार्बन डायऑक्साइड सायलेन्सरच्या धुरात असतो आणि आपल्या उच्छ्वासातही असतो. नळीत फुंकर मारली तरी रंग बदलतो. मला आतून आणून दाखवली ती तयार पिवळी नळी. चाचणी प्रामाणिक असेल तर द्रव तुमच्या डोळ्यांसमोर बाटलीतून ओतला जातो, साध्या हवेत तो निळाच राहतो हे दाखवलं जातं, मग नळकांडं रेडिएटरवर चढतं. आणि नुसत्या रंगावर हेड उतरवत नाहीत. जोडीला कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडर किती दाब धरतो ते, तपासतात, प्रत्येक सिलिंडरचा आकडा वहीत लिहितात. दोन शेजारी सिलिंडर एकदम कमी दाखवत असतील तर त्यांच्यामधलं गॅस्केट गेलेलं असण्याची शक्यता मोठी. मी आकडे मागितले तेव्हा ‘ते मशीन दुसरीकडे गेलंय’ असं ऐकायला मिळालं.

हेडचं काम ‘झालं’ आणि काय सांगू, काटा खाली आला. मधल्या खुणेच्याही थोडा खाली. चढाला, मालासकट, तसूभर हलला नाही. मला खटकलं ते हेच. चढावर निरोगी गाडीचा काटाही जरा श्वास घेतो; हा चिकटवल्यासारखा होता. त्यातच एका चढानंतर गाडी बंद केली तेव्हा बॉनेटखाली खळखळ आवाज आला, कूलंटचा तो गोडसर वास सुटला आणि टाकीतून पाणी बाहेर वाहिलं. काटा म्हणतोय सगळं छान, आणि पाणी उकळतंय. दोघांपैकी एक खोटं बोलत होतं.

दुसऱ्या मिस्त्रीकडे गेलो. वयस्क माणूस, बोलणं कमी. ‘दादा, आधी काट्यावर विश्वास ठेवायचा की नाही ते ठरवू,’ म्हणाला. त्याने बंदुकीसारखा, लांबून तापमान मोजणारा इन्फ्रारेड थर्मामीटर काढला, पण थर्मोस्टॅटच्या चकचकीत हाउसिंगवर लगेच रोखला नाही. आधी तिथे काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावला. चमकत्या धातूवर ही बंदूक खरं तापमान दाखवत नाही, बरंच कमी दाखवते. काळ्या, निस्तेज पृष्ठभागावर बरोबर दाखवते. चढावर फेरी मारून आल्याआल्या पट्टीवर आकडा आला ११२ अंश. काटा मधल्या खुणेच्या खालीच.

मग त्याने काट्याला तापमान कळवणाऱ्या सेन्सरची वायर काढली. जुन्या, एकाच वायरच्या सेन्सरला एक सोपी परीक्षा असते. चावी चालू ठेवून वायर मोकळी सोडली की काटा पार थंडावर पडला पाहिजे, आणि तीच वायर क्षणभर इंजिनाच्या धातूला टेकवली की पार गरमवर गेला पाहिजे. (कॉम्प्युटरवाल्या नव्या गाड्यांच्या दोन-तीन वायरींच्या सेन्सरवर हा प्रयोग करू नका.) आमचा काटा वायर टेकवल्यावर मध्याच्या जरा वर गेला आणि तिथेच थांबला. म्हणजे वाटेत काहीतरी होतं. वायर चाचपत मागे गेल्यावर फायरवॉलजवळ (इंजिन आणि केबिन यांच्यामधला पत्रा) एक जाडसर गाठ लागली. नवी काळी टेप, बाकी वायरिंगवरच्या जुन्या धुळकट टेपपेक्षा वेगळीच चमकणारी. ब्लेडने चिरली तर आत रंगीत पट्ट्यांचा एक रेझिस्टर (करंट अडवणारा छोटा भाग), दोन्ही टोकांना व्यवस्थित सोल्डर केलेला. काम सफाईदार होतं, हे मान्य करावं लागेल.

यामागची युक्ती अशी. या सेन्सरचा रोध तापमान वाढलं की कमी होतो, त्यामुळे मीटरकडे जास्त करंट जातो आणि काटा वर चढतो. मध्ये जादा रोध घातला की करंट कमी, काटा खाली. ताप मोजायच्या आधी थर्मामीटर गार पाण्यात बुडवावा तसा हा प्रकार. ‘टेम्परेचर वायरिंग दुरुस्ती’ म्हणतात ती हीच. अशा गाडीत चालकाला धोक्याची सूचना देणारी एकमेव गोष्ट आंधळी झालेली असते. ११२ वर ॲल्युमिनियमचं हेड घेऊन दिवसभर चढ चढत राहिलो असतो, तर जे हेड गॅस्केट आधी गेलंच नव्हतं ते खरोखरच गेलं असतं, आणि त्याच माणसाला दुसरं बिल करता आलं असतं.

यानंतर मिस्त्रीने पहिल्या गॅरेजचं बिल मागितलं आणि गाडीशी ताडून बघायला सुरुवात केली. हाउसिंग उघडलं तर थर्मोस्टॅट नाहीच. नवा नाही, जुनाही नाही, जागा रिकामी. ‘वॉल्व्ह काढून टाकला की गाडी थंड राहते’ हा समज खूप पसरलेला आहे. काही इंजिनांत थर्मोस्टॅटला खाली आणखी एक चकती असते. वॉल्व्ह उघडला की ती बायपासची वाट बंद करते. तो काढून टाकला की बायपास कायम उघडा राहतो आणि बरंचसं गरम पाणी रेडिएटरला न भेटताच पुन्हा इंजिनात फिरतं. माझं इंजिन याच जातीचं. थर्मोस्टॅटवर तो किती अंशांना उघडायला लागतो ते कोरलेलं असतं, बहुधा ८२ किंवा ८८. भांड्यातल्या पाण्यात थर्मामीटरसोबत टांगून तो घरीही तपासता येतो.

रेडिएटर काळा कुळकुळीत, वरच्या टाकीला ताजा रंग. मिस्त्रीने टॉर्च बाजूने मारला आणि मला वाकून बघायला लावलं. कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधल्या बोटभर फटीत वाळलेल्या चिखलाचा, किड्यांच्या पंखांचा आणि पालापाचोळ्याचा थर होता, नमदा घट्ट बसतो तसा बसलेला. रेडिएटर एकदा जरी बाहेर आला असता तर तो थर तुटला असता. तो अखंड होता. रंगाचे बारीक काळे तुषार त्या चिखलावरही उडालेले होते. म्हणजे रेडिएटर जागेवरच रंगवला होता. आणि माल भरल्यावर गाडी का तापायची याचं मूळ कारणही तिथेच, त्या चिखलात होतं. इंटरकूलर, कंडेन्सर, रेडिएटर अशा तीन जाळ्या एकामागे एक. पुढून पाणी मारून धुतलं की पहिली जाळी स्वच्छ दिसते, मधला कचरा आणखी घट्ट बसतो. तो काढायला जाळ्या एकमेकींपासून सोडवाव्याच लागतात. आधीच्या मालकाच्या हौसेला दोष द्यायचा तर फक्त एवढ्यापुरता.

पंख्याचं कोडं कागदाने सुटलं. पंखा चालू करून पुढच्या जाळीवर वहीचं पान धरलं. पंखा हवा आत ओढत असेल तर पान जाळीला चिकटतं. आमचं पान उडून मिस्त्रीच्या छातीवर आलं. ‘सैल कनेक्शन जोडून देतो’ म्हणताना लाल-काळी वायर उलटी जोडली गेली होती. या मोटारी वायर उलटल्या की उलट्या फिरतात, आणि मग पंखा समोरून येणाऱ्या हवेलाच बाहेर ढकलतो. म्हणून तर पंखा सुरू झाला की काटा चढायचा.

हेडचं बघायला तर काही उघडावंही लागलं नाही. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (हेडला जोडलेली धुराची नळी) आणि त्याखालच्या पाइपाचे नट गंजून स्टडशी एकजीव झालेले, एकावरही पान्याची ताजी खूण नाही. ते न सोडवता हेड उतरत नाही. कॉम्प्रेशन घेतलं, सगळे सिलिंडर जवळपास सारखे.

रेडिएटरची कॅप मात्र खरंच बाद होती, रबर चिरलेलं. पाणी आणि कूलंट निम्मं-निम्मं असेल तर उघड्यावर ते साधारण १०७ अंशांना उकळतं; ०.९ बारची कॅप नीट दाब धरत असेल तर तीच मर्यादा १२५ च्या आसपास जाते. म्हणून माझं पाणी ११२ ला खळखळलं. एवढ्या सगळ्या विक्रीत ही सगळ्यात स्वस्त वस्तू कुणीच मला विकली नव्हती. तिच्यात सुटणार ते काय!

मग जाळ्या सोडवून मधला थर काढला, पंख्याच्या वायर सरळ केल्या, थर्मोस्टॅट आणि कॅप नवी टाकली, रेझिस्टर काढून वायर थेट जोडली. पंख्यांना कव्हर नाही, त्यामुळे ते जाळीच्या फक्त गोल भागातून हवा ओढतात. पत्र्याचं कव्हर करायला टाकलंय. आता सपाट रस्त्याला हाउसिंगवर ८८ ते ९० येतात, मालासकट त्याच चढावर ९७. काटा थोडा वर जातो आणि परत येतो.

पहिल्या गॅरेजवाल्याकडे फोटो घेऊन गेलो. रेझिस्टर दाखवल्यावर तो म्हणाला, ‘काटा खाली आणून द्या म्हणालात, आणून दिला.’ जुने पार्ट मागितले तर भंगारात गेलेले. चिखलावर उडालेल्या रंगाचा फोटो दाखवला तेव्हा जरा गप्प झाला आणि रेडिएटरचे पैसे परत केले. मॅनिफोल्डच्या नटांचा फोटो बघून मात्र म्हणाला, आम्ही जुनेच नट वापरतो, गंज तसाच राहतो. हेडचे पैसे अजून त्याच्याकडेच अडकलेत. बिल, फोटो आणि दुसऱ्या मिस्त्रीने सहीनिशी लिहून दिलेले कॉम्प्रेशनचे आकडे घेऊन आता वकिलाकडे जाणार आहे. रेझिस्टर टेपसकट एका पाकिटात ठेवलाय.