काड्या, कनेक्ट फोर की हेक्स? घरातल्या दोघांसाठी कुठला खेळ घ्यावा

नशिबाचा भाग नसलेला, दोघांनी आळीपाळीने खेळायचा खेळ मुलांसाठी निवडायचा असेल, तर फिरून फिरून ही तीनच नावं पुढे येतात. बडोद्यात, दांडिया बाजारातल्या आमच्या घरी तिन्ही भरपूर खेळून झाले आहेत.

काड्यांच्या निमला खर्च नाही. ३, ५ आणि ७ काड्यांचे ढीग मांडा. आपल्या पाळीला एकाच ढिगातून हव्या तितक्या काड्या उचलायच्या. शेवटची काडी उचलणारा जिंकणार असेल, तर पहिल्याने कुठल्याही एका ढिगातून एकच काडी उचलावी. पुढे तो चुकला नाही तर डाव त्याचाच. चार्ल्स बाउटन यांनी १९०१ मध्ये याचं गणित पूर्ण सोडवलं. गणित सुरेख आहे, पण ते एकाला कळलं की दुसऱ्याला खेळण्यात रस उरत नाही.

आपल्या रंगाच्या चार चकत्या एका ओळीत आणायचा कनेक्ट फोर लहानांना फार आवडतो. चकती खटकन खाली बसते, डाव लवकर आटोपतो. मात्र १९८८ मध्ये जेम्स ॲलन आणि व्हिक्टर ॲलिस यांनी स्वतंत्रपणे दाखवून दिलं, की पहिल्याने मधल्या उभ्या रांगेतून सुरुवात करून अचूक खेळ केला तर तो जिंकतोच. लगतच्या रांगेतून सुरुवात केली तर बरोबरी, त्याहून कडेला गेला तर दुसऱ्याची सरशी. मुलांना हे कोणी सांगावं लागत नाही. मधली रांग बरी, हे त्यांना चार दिवसांत उमगतं. आणि मग भांडण सुरू होतं. शेजारची गुजराती मुलं ‘पहेलो दाव मारो’ म्हणून बसतात, आमची ‘मी आधी’ म्हणून. छाप-काटा केला तर नाणं नीट उडवलं नाही, पाळी लावली तर मागचा डाव कोणी सुरू केला होता यावर वाद. मुलांची तक्रार खरीच असते, कारण खेळातच पहिल्याला झुकतं माप आहे. माझा निर्णय हेक्सच्या बाजूने झाला तो या रोजच्या कटकटीमुळे.

झुकतं माप हेक्समध्येही आहे. यात आळीपाळीने एकेक सोंगटी ठेवत पटाच्या आपल्या समोरासमोरच्या दोन बाजू सलग जोडायच्या असतात. पीट हाइन यांनी १९४२ मध्ये आणि पुढे जॉन नॅश यांनी स्वतंत्रपणे शोधलेल्या या खेळात बरोबरी होऊच शकत नाही. नॅश यांचा युक्तिवाद असा: दुसऱ्याकडे जिंकण्याची हमखास रीत असती, तर पहिल्याने तीच उचलली असती, कारण जादा सोंगटी कधी नडत नाही. म्हणजे जिंकायला हवा पहिलाच. कसा, ते मात्र यातून कळत नाही.

पण इथे अदलाबदलीचा नियम लावता येतो. पहिल्याने सोंगटी ठेवली, की दुसऱ्याने ठरवायचं: तो रंग आणि त्या बाजू आपल्या करायच्या, की समोरून खेळायचं. एकाने बर्फी कापायची, दुसऱ्याने तुकडा उचलायचा, तसं. मधोमध ठेवलेली सोंगटी लगेच हातची जाते. म्हणून माझी मुलगी आता कडेजवळच्या दोन-तीन घरांवर बोट फिरवत बसते, ना फार चांगलं ना फार वाईट असं घर शोधत. तत्त्वतः आता दुसऱ्याचं पारडं जड आहे, पण घरगुती खेळात मला तरी ते जाणवलं नाही. ‘आधी तू खेळ’ असं मात्र ऐकू येऊ लागलंय.

पट विकत आणायची गरज नाही. चौकटीच्या वहीत ७×७ घरं आखा. शेजारची घरं म्हणजे वर-खालची, डावी-उजवी आणि एकाच दिशेची तिरपी. सोंगट्यांना राजमा आणि काबुली चणे पुरतात. अगदी लहान मुलांना तिरपं शेजारपण जड जातं. त्यांना कदाचित कनेक्ट फोरच बरा. पट याहून लहान घेऊ नये, कारण कुठली सुरुवात जिंकते ते मुलं पाठ करून टाकतात. हात बसला की ११×११ आखावा.