कंट्रोलचा फोर्टिफाइड तांदूळ: खिचडी करून बघितल्यावरचा रिव्ह्यू

रेशनच्या तांदळाचा पण रिव्ह्यू असतो का असं विचारू नका, मोबाईलच्या कव्हरचे रिव्ह्यू लिहितात लोक, हे तर रोज पोटात जातं. आमच्या खान्देशात रेशनला अजून कंट्रोलच म्हणतात, तर कंट्रोलचा जो फोर्टिफाइड, म्हणजे वरून पोषक घटक मिसळलेला, तांदूळ मिळतो त्यात मधेमधे वेगळे दाणे दिसतात, जरा पिवळट, एकसारखे, पाण्यात टाकले की वर तरंगतात. त्यावरून जो काही धुरळा उडालाय गावोगाव, त्याच्यासाठीच हे लिहितोय.

आमच्या मामी सुपात घेऊन एकेक दाणा वेचून बाजूला काढतात. म्हणतात, "हाऊ तांदूय पलास्टिकना शे, फेकी दे." व्हॉट्सअपवर कोणीतरी दाणा पेटवून दाखवलाय म्हणे, काळा झाला म्हणून प्लॅस्टिक. अहो मामी, भाकरी तव्यावर विसरली तर ती पण काळीच होते ना.

तर ते दाणे म्हणजे काय, तांदळाच्या कण्या दळून त्याचं पीठ करतात, त्यात लोह, फॉलिक अॅसिड आणि बी १२ मिसळतात आणि मशीनमधून दाबून परत तांदळाच्या आकाराचे दाणे पाडतात. साधारण १०० किलो तांदळाला १ किलो. साच्यातून काढलेला दाणा खऱ्या तांदळाइतका घट्ट नसतो म्हणून तरंगतो. म्हणजे मामी जे वेचून कोंबड्यांना टाकतात तेच नेमकं त्या पोत्यातलं औषध, आणि उरलेला जो "चांगला" तांदूळ शिजवतात तो बाजारातल्या साध्या तांदळासारखाच. कोंबड्या मात्र मजेत.

चवीचं सांगतो. काहीच फरक नाही, खरंच. त्यात लोहाचा जो प्रकार घालतात, फेरिक पायरोफॉस्फेट, तो पांढरट असतो आणि पाण्यात विरघळत नाही, म्हणून ना रंग बदलत ना लोखंडासारखी चव येत. तूरडाळ घालून, लसूण, लाल तिखट, वरून कच्चं तेल, अशी आपली रात्रीची खिचडी केली, घरात कोणाला कळलं पण नाही. नुसता भात केला तर काही दाणे जरा जास्त मऊ लागतात, बोटाने दाबले की लगेच पसरतात. पुलाव वगैरे करायचा असेल तर हा तांदूळ घेऊच नका, पण ते फोर्टिफाइडमुळे नाही, मुळात कंट्रोलचा तांदूळ तसा जाडाच.

आता फायदा किती ते बघू, कारण सरकारी भाषणात हा तांदूळ म्हणजे अॅनिमियावरचं (अंगात रक्त कमी असण्यावरचं) रामबाण वाटतं. २०२१ च्या १५ ऑगस्टला पंतप्रधानांनी लाल किल्ल्यावरून जाहीर केलं होतं, की २०२४ पर्यंत सरकारी योजनांतला सगळा तांदूळ असा देऊ. नियमाप्रमाणे १ किलो तांदळात २८ ते ४२.५ मिलिग्रॅम लोह हवं. समजा माणशी महिन्याला ३ किलो तांदूळ मिळाला तर दिवसाला १०० ग्रॅम, म्हणजे ३-४ मिलिग्रॅम लोह. बाईला दिवसाला लागतं साधारण २९. मग हिशोब तुम्हीच करा. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना अॅनिमिया निघाला, त्यांना हातभार लागेल, पण ज्यांचं हिमोग्लोबिन ७-८ वर आलंय त्यांनी दवाखान्यातल्या गोळ्या बंद करून या तांदळावर बसू नये.

आणि आपल्याकडचा मोठा लोचा वेगळाच आहे. खान्देशी माणूस भाकरीवर जगतो, कळण्याची (ज्वारी-उडदाची), बाजरीची, दादरची (ती पण ज्वारीच), नाहीतर गव्हाची पोळी. भात म्हणजे रात्रीची खिचडी, बस. कंट्रोलचा गहू आख्खा येतो, त्यात काही मिसळता येत नाही, मिसळायचं तर पिठात मिसळावं लागतं आणि पीठ तर आपण गिरणीतून दळून आणतो. म्हणजे ही सगळी स्कीम आपल्यापर्यंत येते ती खिचडीच्या वाटेने. त्यात अर्ध्या घरात तांदूळ सरळ विकून टाकतात, दारावर घेणारे येतातच, मग कसलं लोह आणि कसलं बी १२.

सिकलसेलचं पण बोलायला हवं, नंदुरबार आणि सातपुड्याच्या पट्ट्यात भिल्ल, पावरा समाजात हा रक्ताचा आजार आहे. आधी लोह घातलेल्या अन्नावर थॅलेसेमिया आणि सिकलसेलच्या पेशंटसाठी सूचना छापायचा नियम होता, २०२४ मध्ये सरकारने तज्ज्ञांच्या अभ्यासानंतर तो काढला, धोका दिसला नाही म्हणून. ठीक आहे, पण ज्याला सारखं रक्त चढवावं लागतं त्याने एकदा डॉक्टरला विचारलेलं बरं.

करताना दोन गोष्टी. तांदूळ दहा पाण्याने चोळू नका, आणि भाताच्या वरचं पाणी ओतून टाकायची सवय असेल तर सोडा, त्यातून जीवनसत्त्वं जातात. खिचडीवर लिंबू पिळा, लोह अंगी लागायला मदत होते, आणि जेवल्याजेवल्या चहा नको, चहा लोहाला अडवतो (हे आमच्याकडे कोण ऐकणार देव जाणे).

तांदळाला ५ पैकी साडेतीन. वाटपाला दीड. आमच्या दुकानात अंगठा लागेपर्यंत जीव जातो आणि दुकानदाराला विचारलं "हे दाणे कशाचे" तर म्हणतो वरून तसाच येतो भाऊ, घ्यायचा तर घ्या. त्याला पण कोणी सांगितलेलं नाही. पोत्यावर फोर्टिफाइडचा निळा +एफ (+F) शिक्का असतो, पण आपल्याला तांदूळ मिळतो सुटा, पिशवीत ओतलेला, शिक्का बघणार कोण. पुढच्या वेळी मोजायच्या आधी पोतं दाखवा म्हणा, दाखवतात, थोडं तोंड वाकडं करून.