40,810 रुपयांचं ‘ईस्टर पॅकेज’

अंदमानला मुलांना घेऊन निघायचा बेत असेल आणि रिसॉर्टचं बुकिंग व्हॉट्सअ‍ॅपवर चाललं असेल, तर पुढचे पैसे पाठवण्याआधी हे वाचा. आमचे 40,810 रुपये गेले. ज्या रिसॉर्टच्या नावाने गेले, त्यांना याचा पत्ताही नव्हता. त्यांचं नाव मी लिहीत नाही. बनावट पानं काही एकट्या त्यांच्याच नावाने निघत नाहीत, आणि माझ्या लिहिण्याने खऱ्या माणसांचं गिऱ्हाईक तुटायला नको.

आम्ही वसईचे कॅथलिक. ईस्टरला आमच्याकडे घर भरलेलं असतं. शनिवारी रात्री जागरणाची मिस्सा म्हणजे चर्चमधली उपासना, रविवारी सासरी सगळ्यांचं जेवण, मुलांना बेकरीतली मार्झिपॅनची अंडी. 2025 साली ईस्टर 20 एप्रिलला होता. सासूबाई नेमक्या नणंदेकडे दुबईला होत्या, म्हणून पहिल्यांदाच सण बाहेर करायचं ठरलं. त्यांनी फोनवरून एकच अट घातली, रात्रीची मिस्सा चुकवायची नाही. अंदमानात ती चुकणार नव्हती. पोर्ट ब्लेअरला, म्हणजे आताच्या श्री विजयपुरमला, स्टेला मारिस कॅथेड्रल आहे. इंग्रजांनी जंगलकामासाठी रांचीकडून नेलेल्या आदिवासींची ख्रिस्ती वस्ती बेटांवर चांगली मोठी आहे. शनिवारची रात्र तिथे, रविवारी सकाळच्या बोटीने हॅवलॉक, पुढे दोन रात्री समुद्रकाठी, असा आमचा बेत होता. हॅवलॉकचं नाव 2018 मध्ये स्वराज द्वीप झालं, पण जेट्टीवर आजही सगळे हॅवलॉकच म्हणतात.

फेब्रुवारीत मी रिसॉर्ट शोधत होते आणि इन्स्टाग्रामवर जाहिरात आली: ‘ईस्टर फॅमिली स्पेशल, हॅवलॉक’. दोन रात्री, चौघांचं राहणं-खाणं, रविवारी मुलांसाठी वाळूत एग हंट, म्हणजे लपवलेली अंडी शोधायचा खेळ, 38,500 रुपये. लोक म्हणतात स्वस्ताच्या मोहाने फसतात. हे स्वस्त नव्हतं. त्याच दर्जाच्या इतर ठिकाणांचे भाव एवढेच होते, दोन तर कमीच होते. खालच्या लिंकवर रिसॉर्टचं संकेतस्थळ उघडलं. खोल्या, स्विमिंग पूल, जेट्टीपासूनचा नकाशा, सगळं खऱ्या रिसॉर्टचं होतं. पत्त्यात नावापुढे एक आडवी रेघ आणि ‘स्टे’ हा शब्द तेवढा जास्तीचा होता.

पुढे जे झालं ते मुद्दाम सविस्तर सांगते, कारण सगळी कारागिरी तिथेच होती.

फोनवरचा माणूस घाई करत नव्हता. शुद्ध हिंदी, ‘मॅडम’ म्हणून बोलायचा. त्याने एक फॉर्म पाठवला. मुलांची नावं काय, वयं काय, कुणाला अंड्याची किंवा शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे का, आवडता रंग कोणता. थोरल्याला शेंगदाणे चालत नाहीत असं मी लिहिलं, तर स्वयंपाकघराला कळवल्याचा वेगळा मेसेज आला. वसईहून येताय तर शुक्रवारी मांस चालणार नाही ना, असंही त्याने विचारलं. आम्ही शुक्रवारी तिथे नसणारच होतो, पण विचारलं याचंच बरं वाटलं. चार दिवसांनी एक फोटो आला. निळ्या अंड्यावर आमच्या धाकटीचं नाव रंगवलेलं. तिने तो फोटो शाळेच्या व्हॅनमधल्या काकांनासुद्धा दाखवला.

तो फोटो मी नंतर मोठा करून पाहिला. अक्षरं अंड्याच्या गोलाईवर वळलेली नव्हती, कागदावर छापल्यासारखी सरळ सपाट होती. अंड्यावर खिडकीचा उजेड डावीकडून पडला होता आणि अक्षरांवर तो पडलेलाच नव्हता. दोन मिनिटांचं काम असेल ते.

मग पैसे. निम्मे आधी, निम्मे तिथे पोचल्यावर, त्यामुळे शंकेला जागाच उरत नाही. 19,250 रुपयांसाठी क्यूआर कोड आला, मधोमध रिसॉर्टचा लोगो. कोड स्कॅन केल्यावर मात्र अ‍ॅपमध्ये रिसॉर्टचं नाव न येता एका बाईचं नाव आलं. नवऱ्याने विचारलं तेव्हा उत्तर तयार होतं: मालकीणबाईंचं खातं आहे, कंपनीच्या खात्याचं केवायसी सुरू आहे. पैसे गेले. दहा मिनिटांत त्याचा फोन आला. “सर, तुम्ही जीएसटी वगळून पाठवलेत, सिस्टीम पावती बनवत नाहीये. एकरकमी 21,560 पाठवा, आधीचे 19,250 चेकआउटच्या वेळी डिपॉझिट म्हणून परत मिळतील.” मागोमाग छापील पावतीचा नमुना आला, त्यात ‘रिफंडेबल’ हा शब्द लाल अक्षरांत. तेही पैसे गेले.

‘पावती बनत नाही, पुन्हा भरा’ ही युक्ती जुनी आहे. पुरीच्या हॉटेलांच्या नावानेही हेच चालतं. दुसऱ्यांदा पैसे गेले की तिसऱ्यांदा ‘पहिला रिफंड अडकलाय, तो सोडवायला’ म्हणून मागतात. आमच्याकडे तिसरी मागणी आली नाही. बहुधा आमच्याकडून एवढंच निघेल असा त्याचा अंदाज असावा. त्या आकड्यात एक गंमत मात्र होती. 19,250 वर 21,560 म्हणजे 12 टक्के. तेव्हा रोजचं भाडं साडेसात हजारांपर्यंत असलेल्या खोलीला 12 टक्के कर होता, त्यावरच्या खोलीला 18. आमची खोली रोजच्या साडेसात हजारांच्या बरीच वरची होती. रोज बिलं फाडणारा हॉटेलवाला हा दर चुकत नाही.

दुसरी खूण त्याने पाठवलेल्या कार्यक्रमपत्रिकेत होती. ‘सायं. 6.30, सनसेट एग हंट’. घड्याळ भारताचं एकच, पण अंदमान ब्रह्मदेशाच्या जवळ. एप्रिलमध्ये तिथे पहाटे पाचच्या सुमारास उजाडतं आणि संध्याकाळी साडेपाचच्या आसपास सूर्य बुडतो. साडेसहाला हॅवलॉकच्या किनाऱ्यावर मुलांना अंडी शोधायला सोडायचं तर हातात बॅटरी द्यावी लागेल. हे पत्रक लिहिणाऱ्याने बेटावर एक संध्याकाळही काढलेली नव्हती. बेटांच्या बुकिंगमध्ये अशा गोष्टी नक्की विचारा: सूर्य किती वाजता मावळतो, उद्या भरती कधी आहे, जेट्टीवरून रिक्षाला किती घेतात. तिथला माणूस न थांबता सांगतो.

शनिवारच्या मिस्सेबद्दल थोडंच सांगते. बाहेर अंगणात विस्तव पेटवला, पास्काची म्हणजे ईस्टरची मेणबत्ती त्यावर लावली, सगळं हिंदीत. धाकटी आमच्या खांद्यावर झोपून गेली आणि ‘अल्लेलूया’ सुरू झाल्यावर घंटांनी दचकून उठली. आमच्या प्रवासातला हा भाग कुणी विकलेला नव्हता, म्हणून बरा झाला.

रविवारी सकाळी बोटीने हॅवलॉकला उतरलो. जेट्टीवर आमच्या नावाची पाटी घेऊन कुणी उभं नव्हतं. फोन लागेना, तिथे रेंजची बोंब असतेच म्हणून काही वाटलं नाही. रिक्षाने रिसॉर्टवर गेलो. काउंटरवरच्या मॅनेजरने आमचं बुकिंगचं व्हाउचर हातात घेतलं आणि वाचायच्या आधीच खालच्या कप्प्यातून एक फाइल काढली. त्यात तस्संच व्हाउचर, तोच लोगो, दुसऱ्या कुणाची तरी नावं. “मॅडम, आमच्याकडे ईस्टरला काही नसतं. ख्रिसमसला केक कापतो, तेवढंच.” खोली विचारली, तर रिसॉर्ट भरलेलं. त्यांनी मुलांना नारळपाणी दिलं, आमच्या व्हाउचरची प्रत ठेवून घेतली आणि ओळखीच्या एका घरगुती लॉजवर फोन लावून दिला. तिथल्या पोलीस चौकीत त्यांची स्वतःची तक्रार आधीपासून पडून होती.

मुलांना काय सांगायचं हा प्रश्न मोठा होता. थोरल्याने पाच मिनिटांत ओळखलं. धाकटी तिच्या निळ्या अंड्याची चौकशी करत राहिली.

लॉज चालवणाऱ्या बंगाली बौदींना, म्हणजे वहिनींना, मी सगळं सांगितलं. हॅवलॉकवर बरीचशी वस्ती पूर्व बंगालमधून येऊन वसलेल्या निर्वासितांची आहे. बौदींना ईस्टरचं एवढंच माहीत की त्या दिवशी ख्रिश्चन लोक चर्चला जातात. पण अंडी रंगवायची म्हटल्यावर त्यांनी पदर खोचला. कांद्याच्या साली, हळद, बीट अशी तीन पातेली चुलीवर चढली. कांद्याच्या सालीत अंडं मस्त विटकरी होतं, हळदीत पिवळंधमक. बीट मात्र धुताना निम्मं निघून गेलं. निळं काही जमलं नाही. दुपारी उन्हं कलल्यावर किनाऱ्यावरच्या झाडांच्या मुळांशी अंडी लपवली. एक तडकलेलं होतं, ते मुलांच्या आधी शंखातल्या खेकड्यांना सापडलं. सात-आठ खेकडे आपापली घरं पाठीवर घेऊन त्याच्याभोवती जमले होते. मुलं उरलेली अंडी सोडून तिथेच ठाण मांडून बसली. शेजारच्या घरातली दोन पोरंही आली आणि शेवटी जास्त अंडी त्यांनीच शोधली.

दरम्यान नवरा 1930 वर फोन लावत होता. सायबर फसवणुकीची ही राष्ट्रीय हेल्पलाइन. लागला एकदाचा. तिथे पहिला प्रश्न: पैसे कधी गेले? फेब्रुवारीत, म्हटल्यावर पलीकडचा आवाजच उतरला. पैसे गेल्यापासून पहिल्या काही तासांत कळवलं, तर ते पुढच्या खात्यात पोचण्याआधी गोठवता येतात. आमचे पैसे त्याच दिवशी दोन खात्यांतून फिरून एटीएममधून निघालेले होते. सणाच्या पॅकेजची मेख ही आहे. पैसे आज, सण दोन महिन्यांनी, तोवर तुम्ही खुशीत. चोराला साठ दिवसांची सवलत.

सोमवारी दुपारी बौदींच्या टीव्हीवर पोप फ्रान्सिस गेल्याची बातमी आली आणि त्या दिवशी तक्रारीचं पुढे काही केलं नाही. वसईला परतल्यावर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर रीतसर तक्रार नोंदवली, व्हाउचर, चॅट, व्यवहार क्रमांक सगळं जोडलं. एका खात्यात 2,300 रुपये गोठलेले सापडले. ते मिळवायला तेव्हा न्यायालयाचा आदेश लागत होता. अर्ज केलाय. बँकेत गेलो तर सांगितलं की पिन तुम्हीच टाकलात. रिझर्व्ह बँकेचा तेव्हा लागू असलेला 2017 चा नियम तुमच्या संमतीशिवाय झालेल्या व्यवहारांना संरक्षण देत होता, अशा व्यवहारांना नाही. क्रेडिट कार्डाने भरले असते तर निदान वाद घालायला जागा होती, म्हणून ‘कार्ड चालत नाही, फक्त यूपीआय’ असं कुणी म्हणालं की तिथेच थांबा. आणखी चीड आणणारी गोष्ट म्हणजे, आम्ही अंदमानात होतो त्याच एप्रिल महिन्यात केंद्राच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राने यात्रेकरू आणि पर्यटकांना बनावट बुकिंगपासून सावध करणारं पत्रक काढलं होतं. आमच्या ते वाचनात आलं मे महिन्यात.

आता आम्ही रिसॉर्टला फोन करतो तो जाहिरातीतल्या नंबरवर नाही. गूगल मॅपवरचा नंबरही कुणीही बदल सुचवून फिरवू शकतो, त्यामुळे तोही एकटा पुरेसा नाही. दोन-तीन वेगळ्या ठिकाणी तोच नंबर मिळतो का ते बघायचं, आणि व्हिडिओ कॉलवर रिसेप्शन दाखवायला सांगायचं. खरा हॉटेलवाला कंटाळत का होईना, फोन फिरवून दाखवतो. खात्याचं नाव माणसाचं आणि बुकिंग कंपनीचं, असं दिसलं की मालकीणबाईंची कितीही गोड गोष्ट ऐकवली तरी पैसे जाता कामा नयेत. संकेतस्थळ कधी नोंदवलं ते फुकटात तपासता येतं. आमच्या ‘जुन्या, नावाजलेल्या’ रिसॉर्टचं ते बनावट संकेतस्थळ जानेवारी 2025 चं निघालं.

आम्हाला फसवणाऱ्याच्या नंबरचा व्हॉट्सअ‍ॅप फोटो दिवाळीच्या आधी बदलला. आता तिथे गोव्यातला व्हिला आहे, ‘किड्स कार्निव्हल’सह. सायबर गुन्हे पोर्टलवर संशयित नंबर आणि यूपीआय आयडी तपासायची सोय आहे. आमच्याकडचे दोन्ही तिथे घातले आहेत. तुमच्याकडे आलेला नंबर पैसे पाठवण्याआधी तिथे टाकून बघा.