फिन्सचं भांडं आणि कॅनिस्टरची शेगडी: आठ महिन्यांच्या वापरानंतर

बुडाशी ॲल्युमिनियमच्या नागमोडी फिन्सचं, म्हणजे आच शोषणाऱ्या पातळ पट्ट्यांचं, कडं असलेलं 600 मिलीचं भांडं आणि कॅनिस्टरवर, म्हणजे ट्रेकला न्यायच्या गॅसच्या छोट्या डब्यावर, थेट फिरवून बसवायची तीन पायांची शेगडी, हा संच आठ महिने वापरात आहे. गॅस खरोखर वाचतो. मात्र त्या बचतीचा पाठीवरच्या ओझ्याला फायदा होईलच असं नाही, आणि विकत घेण्याआधी हा हिशोब करणं गरजेचं आहे.

अर्धा लिटर पाणी 25 अंशांवरून 100 अंशांवर न्यायला सुमारे 157 किलोज्यूल उष्णता लागते. एक ग्रॅम ब्युटेन जळताना साधारण 45 किलोज्यूल देतो. म्हणजे काहीच वाया गेलं नाही, तर साडेतीन ग्रॅममध्ये काम व्हावं. सपाट बुडाच्या भांड्यात निम्मी आच कडेनं निसटते, म्हणून सात ग्रॅमच्या आसपास गॅस जातो. फिन्स त्या निसटणाऱ्या गरम हवेतून आणखी उष्णता काढून घेतात आणि खर्च पाच ग्रॅमवर येतो. कॅनिस्टर आधी आणि नंतर वजनकाट्यावर ठेवून पाहिला की फरक कळतो. एका आधणाला दोन ग्रॅम, बस्स.

आता वजन. तेवढ्याच मापाच्या पातळ टायटॅनियमच्या भांड्यापेक्षा हे 60-70 ग्रॅमने जड आहे. ते भरून निघायला तीसहून जास्त आधणं हवीत. गडावरच्या दोन मुक्कामांत एकट्याची आठ-दहा आधणं होतात, तिथे हे भांडं तोट्याचंच. पण गॅस सुटा मिळत नाही, कॅनिस्टरच्या मापात मिळतो. एकट्याचा पाच दिवसांचा ट्रेक, रोज चार आधणं: साध्या भांड्याला 140 ग्रॅम गॅस, म्हणजे 230 ग्रॅमचा कॅनिस्टर घ्यावाच लागतो. फिन्सच्या भांड्याला 100 ग्रॅम, म्हणजे 110 ग्रॅमचा छोटा पुरतो, जेमतेम का होईना. मोठ्या कॅनिस्टरचा नुसता डबाच 150 ग्रॅमच्या घरात असतो. त्यामुळे इथे भांड्याचं जास्तीचं वजन वजा करूनही शंभर ग्रॅमच्या वर ओझं उतरतं. बर्फ वितळवून पाणी करायचं असेल तर गॅस खूप लागतो, तिथे डोळे मिटून हेच भांडं घ्यावं. शून्य अंशांवरचा एक किलो बर्फ नुसता वितळवायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात एक लिटर पाणी शून्यावरून 80 अंशांवर जातं.

आचेबद्दल मात्र हात आवरायला हवा. ज्वाळेची टोकं बुडाच्या आतच राहिली पाहिजेत. फिन्सच्या बाहेर निळी ज्योत दिसली तर आच जास्त आहे आणि फायदा हवेत जातो आहे. नॉब निम्म्याहून थोडा कमी उघडला तर अर्ध्या लिटरला चारेक मिनिटं लागतात. पूर्ण उघडून वेळ थोडा वाचतो, गॅस मात्र बराच जातो. मंद आचेचा दुसरा फायदा थंडीत कळतो. गॅस भराभर बाहेर पडला की कॅनिस्टर स्वतःच गार होत जातो आणि आतला दाब कमी होतो. ब्युटेन उणे 0.5 अंशाखाली वायूच होत नाही, आयसोब्युटेन उणे 11.7 पर्यंत साथ देतो. म्हणून हिमालयात जाताना आयसोब्युटेन-प्रोपेनचं मिश्रणच घ्यावं.

शेगडी आणि भांडं एकमेकांना जुळतंय का, ते दुकानातच बसवून बघा. या भांड्याच्या फिन्समध्ये पायांसाठी तीन खाचा आहेत. पाय खाचेत नीट बसले की भांडं घट्ट राहतं. खाच चुकली तर ते फिन्सच्या काठावर टेकतं आणि ढवळताना घसरतं. चार पायांची शेगडी इथे बसतच नाही. खाचांमुळे बूड बर्नरच्या जवळ येतं, हेही लक्षात घ्या. ज्योत गार धातूला भिडली की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड वाढतो. त्याला वास नसतो. ज्योत पिवळी पडली किंवा डोळे चुरचुरायला लागले तर आच कमी करा, आणि बंद तंबूत ही जोडी कधीही पेटवू नका.

कोकणकड्यासारख्या उघड्या जागी फिन्सची मदत होते, पण आडोसा लागतोच. तो वाऱ्याच्या बाजूनेच धरावा. शेगडीभोवती गोल पत्रा गुंडाळला तर कॅनिस्टर तापतो. त्याला हात लावून सहज धरता आलं पाहिजे. चटका बसला तर लगेच बंद.

हे भांडं आधणाचं आहे, शिजवण्याचं नाही. मूगडाळीची खिचडी मधोमध करपते, कारण छोट्या बर्नरची आच तिथेच एकवटते. उकळतं पाणी ओतून झाकून ठेवायचा उपमा, पोहे, सूप, मॅगी उत्तम होतं. चहाला दूध पावडर आच बंद करूनच घाला. दूध उतू गेलं तर ते फिन्समध्ये जळून बसतं आणि काढायला जुना टूथब्रश आणि कोमट पाणी घेऊन अर्धा तास जातो. चुलीवर तर हे ठेवूच नये, काजळीने फिन्सच्या वाटा बुजतात. रिकामं भांडं पेटत्या शेगडीवर राहिलं तर पातळ फिन्स सगळ्यात आधी जातात. ॲल्युमिनियम 660 अंशांना वितळतं.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. आच बंद केल्यावर याच फिन्स उष्णता बाहेर टाकू लागतात आणि पाणी साध्या भांड्यापेक्षा लवकर निवतं. ऊब टिकवायला फुगेवाल्या चंदेरी शीटची टोपी करायची तर ती फिन्स झाकेल इतकी लांब कापा, आणि फिन्सचा चटका गेल्यावरच चढवा, नाहीतर शीट चिकटते.

सुरुवातीला फिन्सवरून थेंब पडून बर्नर चुरचुरतो. ती गळती नाही. ज्वलनातली वाफ गार धातूवर जमते. छोटा कॅनिस्टर भांड्यात मावतो, पण त्याच्या ओल्या कडेचा गंज बुडाला गोल डाग पाडतो. मध्ये फडकं ठेवा. पिशवीत भरण्याआधी फिन्स उन्हात उलट्या वाळवा. खारट ओल राहिली की पांढरी भुकटी धरते.