पाच पौंडांसाठी पाचशे पौंड फिरवायचे का?

गेल्या महिन्यात मामेबहिणीचा लीड्सहून फोन आला. नोकरी लागून चार महिने झालेत, हातात बऱ्यापैकी पैसा राहतोय, आणि ऑफिसातल्या कुणीतरी तिच्या डोक्यात भरवलंय की बँक महिन्याला पाच पौंड फुकट देते. "दादा, ते म्हणतात डेबिट कार्डाने आपल्याच बचत खात्यात पैसे भरायचे, बँकेला तो खर्च वाटतो. हे खरं आहे का?"

खरं आहे. पण सगळ्यांच्या फायद्याचं आहे असं नाही. तिला फोनवर जे सांगितलं तेच जरा सविस्तर लिहितो, कारण ब्रिटनमध्ये नव्याने आलेला प्रत्येक मराठी माणूस कधी ना कधी हाच प्रश्न विचारतो.

या चर्चेत ज्या खात्याचं नाव हमखास निघतं ते हॅलिफॅक्स बँकेचं रिवॉर्ड करंट अकाउंट (ब्रिटनमध्ये करंट म्हणजे रोजच्या व्यवहाराचं खातं). मी धरलेल्या अटी अशा: महिन्याला १,५०० पौंड खात्यात यायला हवेत, नाहीतर ३ पौंड शुल्क. त्यापुढे दोनपैकी एक गोष्ट करायची. एकतर महिनाभर रोज किमान ५,००० पौंड खात्यात राहू द्यायचे, नाहीतर डेबिट कार्डाने ५०० पौंड खर्च करायचे. एवढं केलं की ५ पौंड मिळतात, म्हणजे वर्षाचे ६०. बँका अटी बदलत असतात, तेव्हा अर्जाच्या दिवशी त्या पुन्हा वाचा.

१,५०० ची अट भागवणं सोपं आहे. पगारच तिथे वळवायला हवा असं नाही. दुसऱ्या बँकेतून फास्टर पेमेंटने, म्हणजे नेहमीच्या ऑनलाइन ट्रान्स्फरने, पैसे आणायचे आणि दुसऱ्या दिवशी परत पाठवायचे. दोन्हीकडून स्टँडिंग ऑर्डर, म्हणजे ठरल्या तारखेला आपोआप होणारी ट्रान्स्फर, लावून टाकली की वर्षभर बघावं लागत नाही. मेख आहे ती ५,००० किंवा ५०० च्या अटीत. ती भागवायचे तीन मार्ग आहेत.

पाच हजार पडू द्यायचे

हा सगळ्यात निवांत मार्ग, आणि बहुतेकांसाठी सगळ्यात महागडा. ५,००० पौंडांवर ६० पौंड म्हणजे वर्षाला १.२ टक्के. बँक ऑफ इंग्लंडचा दर मार्च २०२० ते डिसेंबर २०२१ या काळात ०.१ टक्का होता. तेव्हा बहुतेक इझी अ‍ॅक्सेस, म्हणजे केव्हाही पैसे काढता येणारी, बचत खाती या १.२ टक्क्यांच्या जवळपासही फिरकत नव्हती, म्हणून ज्यांनी तेव्हा पाच हजार पडू दिले त्यांनी अक्कलहुशारीच दाखवली. पुढे ऑगस्ट २०२३ पर्यंत तोच दर ५.२५ टक्क्यांवर गेला आणि हिशोब उलटा झाला. बचत खात्यावर ४ टक्के मिळत असतील तर पाच हजारांवर २०० पौंड व्याज सोडून तुम्ही ६० पौंड घेताय. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला!

म्हणून नियम एवढाच: बाहेर १.२ टक्क्यांपेक्षा जास्त व्याज मिळत असेल तर हा मार्ग सोडा. ज्यांचे पैसे एरवीही करंट खात्यात बिनव्याजी लोळत पडलेले असतात त्यांना मात्र हे ६० पौंड आयतेच मिळतात. असे लोक मी पाहिलेत, आणि त्यांना व्याजाचं व्याख्यान देऊन काही उपयोग होत नाही.

खरा खर्चच त्या कार्डावर करायचा

ऐकायला हे सगळ्यात सरळ वाटतं. किराणा, ट्रेनची तिकिटं, जेवणखाण मिळून पाचशे पौंड सहज होतात. पण तुमच्याकडे एक टक्का कॅशबॅक देणारं क्रेडिट कार्ड असेल तर एकदा गुणाकार करून पाहा. ५०० चा एक टक्का किती? ५ पौंड. बँकेकडून जे मिळालं तेवढंच क्रेडिट कार्डाकडून गेलं. या खिशातून त्या खिशात, आणि वर बँकेच्या अटी सांभाळायची कटकट.

क्रेडिट कार्ड सोडल्याने आणखी एक गोष्ट हातची जाते. १९७४ च्या कन्झ्युमर क्रेडिट अ‍ॅक्टचं कलम ७५ असं सांगतं की १०० पौंडांच्या वर आणि ३०,००० पौंडांपर्यंत किमतीची वस्तू क्रेडिट कार्डाने घेतली आणि विक्रेत्याने फसवलं किंवा दुकानच बुडालं, तर कार्ड कंपनीही तितकीच जबाबदार असते. डेबिट कार्डाला चार्जबॅक, म्हणजे बँकेमार्फत पैसे परत मागण्याची सोय, आहे, पण तो कार्ड नेटवर्कचा नियम. कायद्याची हमी त्यामागे नाही. पाच पौंडांसाठी विमानाचं तिकीट डेबिट कार्डावर काढायचं म्हणजे भलताच व्यवहार.

पण क्रेडिट कार्डच नसेल तर? या देशात नवा माणूस, क्रेडिट हिस्टरी कोरी, कार्ड कुणी देत नाही. तेव्हा हरवण्यासारखं काही नसतंच. मामेबहिणीची गोष्ट तीच होती.

बचत खात्यात कार्डाने भरणा

आता मुख्य विषय. बचत खात्यात पैसे साधारणपणे बँक ट्रान्स्फरने जातात. काही संस्था मात्र अ‍ॅपवर, वेबसाइटवर किंवा फोनवर डेबिट कार्डाने भरणा घेतात. तुमच्या बँकेच्या नजरेत ते खातं म्हणजे एक 'दुकान' असतं आणि तुमचा भरणा म्हणजे खरेदी. पैसा तुमचाच राहतो, व्याजही मिळतं, क्रेडिट कार्डावरचा रोजचा खर्च जागेवर राहतो, आणि ५०० ची अटही भागते. ज्याच्याकडे क्रेडिट कार्ड आहे आणि ज्याचा पैसा व्याजावर आहे, त्याला तिन्ही मार्गांत फक्त इथेच ते ५ पौंड खरोखर वरकड मिळतात.

सगळ्यात जास्त वापरलं जाणारं ठिकाण म्हणजे एनएस अँड आय, अर्थात नॅशनल सेव्हिंग्ज अँड इन्व्हेस्टमेंट्स. १८६१ साली पोस्ट ऑफिस सेव्हिंग्ज बँक म्हणून ही संस्था सुरू झाली, आणि तिथल्या सगळ्या पैशांना ब्रिटिश ट्रेझरीची हमी आहे. तिचे दोन पर्याय आपल्या कामाचे.

डायरेक्ट सेव्हर हे साधं खातं. १ पौंडापासून सुरुवात, पैसे केव्हाही काढता येतात, व्याज वर्षातून एकदा ३१ मार्चला जमा होतं. व्याज करपात्र आहे, पण आयकराच्या बेसिक रेटवाल्यांना (सर्वसाधारण उत्पन्न गटाला) वर्षाला १,००० आणि त्यावरच्या हायर रेटवाल्यांना ५०० पौंडांपर्यंतच्या व्याजावर कर लागत नाही. दुसरा पर्याय प्रीमियम बाँड्सचा. १९५६ पासून चालू असलेली ही एक प्रकारची सोडत: व्याज शून्य, त्याऐवजी दर महिन्याला २५ पौंडांपासून १० लाख पौंडांपर्यंतची करमुक्त बक्षिसं. कमीत कमी २५ आणि जास्तीत जास्त ५०,००० पौंड ठेवता येतात.

इथे बरेच जण फसतात. बाँड घेतल्यावर एक पूर्ण कॅलेंडर महिना गेल्याशिवाय तो सोडतीत येत नाही. म्हणजे ५ तारखेला ५०० पौंडांचे बाँड घेऊन २० तारखेला मोडले, तर बक्षिसाची शक्यता शून्य आणि व्याजही शून्य. पैसे फिरवायचे असतील तर डायरेक्ट सेव्हर, खरोखर साठवायचे असतील आणि नशिबावर थोडा भरवसा असेल तर बाँड्स. मी स्वतः सेव्हर वापरतो. दर महिन्याला सोडतीचा निकाल बघत बसायचा माझा स्वभाव नाही.

काही बिल्डिंग सोसायट्याही (आपल्याकडच्या हाउसिंग सोसायट्या नव्हेत, सभासदांच्या मालकीच्या बँकेसारख्या संस्था) कार्डाने भरणा घेतात. त्यांचा व्याजदर कधी कधी जास्त असतो, आणि एफएससीएसचं, म्हणजे संस्था बुडाली तर ठेवी भरून देणाऱ्या योजनेचं, संरक्षण प्रत्येक संस्थेमागे आहेच: डिसेंबर २०२५ पासून १,२०,००० पौंडांपर्यंत, त्याआधी ८५,०००. ई-मनीवाल्या, म्हणजे बँक नसलेल्या वॉलेटसारख्या, अ‍ॅपचं तसं नाही. तिथे 'टॉप-अप' चुटकीसरशी होतो, पण तो पैसा ठेव नसतो. तो वेगळा बाजूला ठेवण्याचं बंधन कंपनीवर असतं, एफएससीएसची ठेवहमी त्याला लागू होत नाही. शिवाय अशा टॉप-अपला कार्ड नेटवर्कचा वेगळा कोड लागतो आणि तो अटीत धरला न जाण्याची शक्यता जास्त.

हा कोड समजून घेण्यासारखा आहे. प्रत्येक विक्रेत्याला चार आकडी मर्चंट कॅटेगरी कोड असतो. ६०१२ म्हणजे वित्तसंस्था, ६०५१ म्हणजे रोखीसारखे व्यवहार, ६५४० म्हणजे वॉलेट किंवा प्रीपेड कार्डात पैसे भरणं. यांतलं कुठलं 'खर्च' आणि कुठलं नाही हे तुमची बँक ठरवते, आणि ती यादी उद्या बदलू शकते. म्हणूनच खरेदीवर टक्क्याने कॅशबॅक देणाऱ्या खात्यांवर ही युक्ती चालत नाही. तिथे सुपरमार्केट, प्रवास असे वर्गच ठरवून दिलेले असतात किंवा वित्तसंस्था स्पष्टपणे वगळलेल्या असतात. ठोक रकमेची अट असलेल्या खात्यावरच हिला अर्थ आहे.

आता माझी फजिती. पहिल्याच वर्षी एका महिन्याच्या ३१ तारखेला, रविवारी रात्री, आठवण झाली आणि ५०० पौंड भरले. अ‍ॅपमध्ये करड्या अक्षरांत 'पेंडिंग' अशी ओळ आली. मी खूश. मंगळवारी ती ओळ काळी झाली तेव्हा तिच्यापुढे २ तारीख होती. बँकेने पेंडिंग धरलं नाही, तो महिना कोरडा गेला. कस्टमर केअरची बाई गोड आवाजात म्हणाली, "आमच्या अटींत लिहिलेलं आहे," आणि ते खरंच लिहिलेलं होतं. तेव्हापासून माझा भरणा ५ तारखेच्या आत होतो.

हे पैसे देतंय कोण?

हे कळलं की सावध कुठे राहायचं तेही कळतं. ब्रिटनमध्ये डेबिट कार्डाच्या देशांतर्गत व्यवहारावर विक्रेत्याच्या बँकेकडून ग्राहकाच्या बँकेला मिळणाऱ्या इंटरचेंज शुल्काला ०.२ टक्क्याची मर्यादा आहे. ५०० पौंडांवर जास्तीत जास्त १ पौंड. म्हणजे तुमची बँक ५ देते आणि १ कमावते. तिला तुमचा खर्च हवाय तो शुल्कासाठी नाही, तुम्ही तिचं खातं मुख्य खातं म्हणून वापराल या आशेवर. आणि तो पौंड भरतं कोण? बचत खात्याची संस्था, वर कार्डाचा भरणा हाताळणाऱ्या कंपनीचं शुल्क वेगळं. तुम्ही दर महिन्याला ५०० भरून दुसऱ्या दिवशी काढले तर तुम्ही तिच्यासाठी निव्वळ तोट्याचं गिऱ्हाईक. कार्डाचा भरणा बंद करावा असं तिला वाटलं तर नवल नाही. म्हणून महिन्याला जेवढी बचत एरवीही करणार असाल तेवढीच या वाटेने पाठवा आणि राहू द्या. गरज पडली तर दोनतीन महिन्यांनी एकदा काढा.

अमेरिकेत असाल तर हे चित्र वेगळं आहे. तिथे बचत खात्यात नियमित डेबिट कार्डाने भरणा घेणारे थोडेच, आणि अट बहुधा रकमेची नसून संख्येची: महिन्याला दहा-पंधरा खरेद्या केल्या तर करंट खात्यावर, म्हणजे तिथल्या चेकिंगवर, एका मर्यादेपर्यंत घसघशीत व्याज. असली खाती बहुधा छोट्या बँका आणि क्रेडिट युनियन्स (सभासदांच्या सहकारी पतसंस्था) देतात, त्याचं मोठं कारण डर्बिन दुरुस्ती, म्हणजे डेबिट कार्डाच्या शुल्कावरचा तिथला कायदा. ऑक्टोबर २०११ पासून १० अब्ज डॉलरांहून जास्त मालमत्तेच्या बँकांचं डेबिट कार्डाचं इंटरचेंज शुल्क साधारण २१ सेंट अधिक ०.०५ टक्के इतकं बांधलं गेलं, छोट्या बँका त्यातून सुटल्या. पण पन्नास-पन्नास सेंटच्या पंधरा खरेद्या करून व्याज उकळणाऱ्यांवर त्यांचं लक्ष असतं.

आणि भारतात? १ जानेवारी २०२० पासून रूपे डेबिट कार्ड आणि यूपीआयवर व्यापाऱ्याला शुल्कच नाही. तुम्ही कार्ड घासल्याने बँकेला काही मिळत नसेल तर ती तुम्हाला तरी कशातून देणार?

ज्यांना घर घ्यायचंय त्यांच्यासाठी एक गोष्ट. मॉर्गेज (गृहकर्ज) देणारे साधारण तीन महिन्यांची बँक स्टेटमेंट मागतात. १,५०० आले-गेले, ५०० गेले-आले अशा ओळी दिसल्या की प्रश्न येतात. उत्तर सरळ आहे, पण तो फोन करायला लागतोच. शिवाय नवीन करंट खात्याच्या अर्जावर क्रेडिट चेक होतो, तेव्हा मॉर्गेजच्या आधीचे सहा महिने हा उद्योग नकोच.

मामेबहिणीला मी म्हटलं, तुझ्याकडे क्रेडिट कार्ड नाही, तू किराणाच त्या कार्डाने घे, बाकी काही करू नकोस. वर्षभराने क्रेडिट कार्ड मिळालं की खर्च तिकडे वळव आणि बचतीचा हप्ता डेबिट कार्डाने डायरेक्ट सेव्हरमध्ये टाक. ती म्हणाली, "म्हणजे एक वर्ष मला काहीच करायचं नाही?" बरोबर. फक्त महिनाअखेरीला ५०० झालेत का ते बघायचं, आणि ते ३१ तारखेला रात्री नाही.